घोंगडं, मेणकापड आणि दोन काठ्या – हिवाळी कॅम्पच्या सामानाच्या नोंदी, इंदूर

३ नोव्हेंबर

दिवाळीची साफसफाई झाली तेव्हा माळ्यावरून जुनी ट्रेकिंगची बॅग काढली, आतलं कोटिंग पापडासारखं सुटून सगळ्या कपड्यांवर चिकटलेलं. नवीन घ्यायच्या ऐवजी या हिवाळ्यात स्वतः करून बघायचं ठरवलं, आणि नायलॉन-पॉलिएस्टर न वापरता. लोकर, सूत, ताग, बांबू, मेण, चामडं एवढंच. एका माणसाला दोन रात्री पुरेल असं सामान, आणि प्रत्येक वस्तूने निदान दोन कामं केली पाहिजेत, नाहीतर वजन पाठीला झेपणार नाही. नोंदी ठेवतेय कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत कुणी असं लिहिलेलं सापडलं नाही, आणि जे सापडलं ते बर्फातल्या देशांचं होतं. आपल्या माळव्यात बर्फ नाही, पण डिसेंबर-जानेवारीत शेतात पहाटे पाच-सहा डिग्री, भरपूर दव, आणि मध्येच मावठा (हिवाळ्यातला पाऊस, इंदूरला सगळे हाच शब्द वापरतात). म्हणजे कोरडी थंडी नाही, ओली थंडी. हे सुरुवातीला मी नीट लक्षात घेतलं नाही, त्याचा त्रास पुढे झाला.

आत्ताचा आराखडा असा. घोंगडं: अंथरूण-पांघरूण आणि संध्याकाळी खोळ करून (डोक्यावरून पांघरून) अंगावर. मेणकापड (मेण लावलेलं सुती कॅनव्हास): पाल म्हणजे तंबूसारखं छत, पावसात अंगावर घ्यायला, चालताना बॅगवरून. गादी: घडी घातली की तीच पाठीवरची बॅग. दोन काठ्या: चालायला आणि पाल उभी करायला. बस.

घोंगडं सोलापूरहून आत्या पाठवतेय, सांगोल्याकडचं, काळ्या लोकरीचं, हातमागावरचं. २४०० रुपये. आईने किंमत ऐकली आणि म्हणाली एवढ्यात दोन ब्लँकेटं आली असती. आली असती, पण ठिणगी पडली की त्यांचं काय होतं ते मी बघितलंय.

५ नोव्हेंबर

एम.टी. क्लॉथ मार्केटला गेले. कॅनव्हास मागितलं की आधी सगळे मिक्स दाखवतात, म्हणजे पॉलिएस्टर घातलेलं. ओळखायची एकच सोपी रीत, दोन धागे काढून काडेपेटीने जाळून बघायचे. सूत कागदासारखं जळतं आणि राख उरते, पॉलिएस्टर आकसून त्याचा काळा कडक मणी होतो. तिसऱ्या दुकानात शुद्ध सुती मिळालं, ५४ इंच पन्ह्याचं, चौरस मीटरला साधारण २२० ग्रॅमचं, २१० रुपये मीटर. साडेपाच मीटर घेतलं, ११५५ रुपये. त्याच्याहून जाड पण होतं पण ते मेण लावल्यावर उचलवणार नाही असं वाटलं, हा निर्णय बरोबर निघाला. दोसुती (दुहेरी धाग्याचं जाडंभरडं सुती कापड) पाच मीटर, ४५० रुपये, गादीच्या खोळीसाठी. मग सियागंजला जाऊन सुती नवार दहा मीटर (२५० रुपये, खाटेला लावतात तीच) आणि सुती दोरी १२० ची.

१० नोव्हेंबर

पहिली चूक. कापडाचे पावणेतीन-पावणेतीन मीटरचे दोन तुकडे केले, मामींच्या पायमशीनवर मधोमध जोडले, छान सरळ शिलाई आली म्हणून खूष झाले, आणि मग रात्री मामी म्हणाल्या, "अगं, धुतलंस का आधी?" नव्हतं धुतलं. कोऱ्या कापडाला खळ असते, ती काढल्याशिवाय मेण आत शिरणार नाही, वरच राहील. म्हणून रात्रभर टबात भिजवलं, सकाळी पाणी पिवळट आणि चिकट. वाळल्यावर मोजलं तर २.७५ मीटरचं २.५५ झालेलं. कापड आटलं, दोरा आटला नाही, त्यामुळे शिलाईच्या दोन्ही बाजूंना झालरीसारख्या चुण्या पडल्या. अडीच मीटरची शिलाई ब्लेडने उसवली आणि परत घातली, दोन संध्याकाळी गेल्या. सुती कापड असेल तर आधी भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कात्री लावा. पन्ह्याच्या बाजूने फार आटलं नाही. शेवटी कापड साधारण २.५५ बाय २.६०, जवळपास चौरस.

१४ नोव्हेंबर

दोऱ्याचं. बाजारात मशीनचा दोरा म्हणून मिळतो तो बहुतेक पॉलिएस्टरच. सुती दोरा आणला तर दर हातभर अंतरावर तुटायचा, सुया पण मोडल्या (चार सुया, ६० रुपये). दोन गोष्टींनी सुधारलं. सुई १६ ची काढून १८ ची लावली, आणि दोरा मेणाच्या तुकड्यावरून ओढून घेतला. पण मेणाचा दोरा मशीनच्या ताणाच्या चकत्यांमध्ये मेण सोडतो, दर थोड्या वेळाने पुसावं लागतं. मामींना हे अजिबात आवडलेलं नाही आणि त्यांचं मशीन मी रॉकेलने साफ करून देणार आहे.

सुती दोऱ्याचा हट्ट का? कारण सूत भिजलं की फुगतं आणि सुईचं भोक स्वतःच भरतं. पॉलिएस्टरचा दोरा फुगत नाही, भोक तसंच राहतं. जुने सुती तंबू म्हणूनच वापरायच्या आधी एकदा पूर्ण भिजवून ताणून वाळवायचे.

१७ नोव्हेंबर

मधमाशीचं मेण एक किलो, ७०० रुपये. नुसतं मेण एका तुकड्यावर लावून फ्रिजमध्ये ठेवून बघितलं, थंडीत ते कडक होतं आणि घडी घातली की पांढऱ्या रेघा उठतात, त्या रेघेवर पाणी टाकलं की झिरपतं. म्हणून त्यात तेल हवं. घरात अळशीचं खायचं घाणीचं तेल होतं, त्यात आणखी आणलं (१८० रुपये), आणि मेण-तेल निम्मं-निम्मं करून एका कोपऱ्यावर, साधारण दीड हात जागेवर लावलं. मेण थेट गॅसवर वितळवू नका. ते ६२-६४ डिग्रीलाच वितळतं, पातेल्यात पाणी उकळायचं आणि त्यात डबा ठेवायचा, तेवढं पुरतं.

२९ नोव्हेंबर

बारा दिवस झाले, तो कोपरा अजून चिकट आहे. हात लावला की बोटाला येतो, गच्चीवरची सगळी धूळ त्याच्यावर, आणि वास तर घरभर. खायचं कच्चं अळशीचं तेल सुकायला फार वेळ घेतं, आणि मी प्रमाण पण जास्त ठेवलं होतं. रंगाच्या दुकानात विचारलं तर त्यांनी डबल बॉइल्ड अळशीचं तेल दिलं, लाकडाला लावतात ते, ३२० रुपये. हे लवकर सुकतं, पण त्यात सुकवण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असतात, म्हणजे शंभर टक्के नैसर्गिक राहिलं नाही. मी विचार केला आणि घेतलं. ज्यांना चालत नाही त्यांनी कच्चं तेल अगदी कमी घालून महिनाभर उन्हात ठेवायची तयारी ठेवावी.

१ डिसेंबर

नवीन प्रमाण, वजनाने तीन भाग मेण, एक भाग डबल बॉइल्ड तेल. ४५० ग्रॅम मेणाला १५० ग्रॅम तेल, एवढ्यात पूर्ण कापडाची एक बाजू झाली. दुपारी बाराला कापड गच्चीवर तापत ठेवलं, गरम मिश्रण जुन्या सुती फडक्याने घासून लावलं, मग वरून जुना कागद ठेवून इस्त्री फिरवली. इस्त्री फिरताना बघायला फार छान वाटतं, पांढरट थर एकदम कापडात शिरतो आणि कापड गडद होतं, जणू ओलं झालं. जिथे गडद झालं नाही तिथे परत. चिकट कोपऱ्यावर इस्त्री करून कागदाने बरंचसं तेल ओढून घेतलं, तो आता ठीक आहे. सहा तास लागले, एकटीने करू नका, दादा नसता तर कापड सावलीत जाईपर्यंत निम्मंच झालं असतं.

आता महत्त्वाचं, हे वाचल्याशिवाय हे काम करू नका. तेलाची फडकी मी गोळा करून बाल्कनीतल्या प्लॅस्टिकच्या बादलीत टाकली आणि जेवायला बसलो. तास-दोन तासांनी आईला कसलातरी जळका, तेलकट वास आला. बादलीत हात घातला तर वरचं फडकं साधारण, आणि मधलं तव्यावरून काढलेल्या पोळीसारखं गरम! उलगडलं तर मधोमध तपकिरी झालेलं आणि धूर. अळशीचं तेल हवेने सुकताना उष्णता सोडतं, आणि बोळा केला की ती बाहेर पडत नाही, वाढत जाते, फडकी आपोआप पेट घेतात. हे मला माहीत नव्हतं. लगेच पाण्यात बुडवली. फडकी दोरीवर एकेक सुटी वाळत घाला, नाहीतर पाणी भरलेल्या डब्यात ठेवा. आमच्या बाल्कनीत त्या बादलीच्या शेजारी वर्तमानपत्रांची रद्दी होती, रात्री झोपताना मला तेच दिसत होतं.

६ डिसेंबर

गादी-बॅग. दोसुतीची खोळ, साडेपाच फूट लांब, वीस इंच रुंद, आत सावरीचा (सेमलचा) कापूस १.२ किलो, ६०० रुपये. साधा कापूस नाही घेतला कारण तो ओल ओढतो आणि मग गोळा होतो. सावरीचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतो, पाणी धरत नाही आणि हलका. पण भरताना पंखा बंद, खिडक्या बंद, तोंडाला फडकं. मी पंखा बंद केला पण दार उघडं राहिलं, आणि आजही सोफ्याखाली त्याचे पुंजके सापडतात.

हा तंतू आखूड आणि गुळगुळीत, एका जागी राहत नाही. म्हणून दर चार बोटांवर धावदोरा, गोधडीसारखा. दोन संध्याकाळी आई आणि मी समोरासमोर बसून घातला. आईचा टाका बारीक आणि एकसारखा, माझा कुठे तांदळाएवढा कुठे मक्याच्या दाण्याएवढा, बॅग उघडी केली की कुणाची बाजू कुठली ते लगेच कळतं.

तीन घड्या, प्रत्येक बावीस इंचाची: एक पाठीला, एक पुढून, तिसरी वरून झाकण. बाजूंना लाकडी बटणं लावली. नवारीचे दोन पट्टे.

८ डिसेंबर, गच्चीवर पहिली रात्र

भिंतीवरचं थर्मामीटर सोबत घेतलं होतं, पहाटे ९ डिग्री. शहरात शेतापेक्षा जरा उबदारच.

काय बिघडलं ते क्रमाने नाही, आठवेल तसं. बटणं बरगड्यांत टोचली, रात्रभर. गादी सैल आणि जाड होती पण मी आडवी झाल्यावर कमरेखाली दबून पार पातळ झाली आणि गच्चीचा स्लॅब बर्फासारखा लागला. वरून ऊब, खालून थंडी. रात्री दोनला घोंगड्याचा एक काठ खाली घेतला, तेव्हा कुठे बरं वाटलं, म्हणजे लोकर खाली हवी, दबली तरी तिच्यात थोडी हवा उरते.

दवाला घाबरून मेणकापड घोंगड्यावरून गुंडाळून घेतलं होतं पिशवीसारखं. सकाळी घोंगड्याची वरची बाजू ओली, हात फिरवला तर पाणी. दव नव्हतंच ते, माझ्याच अंगाची वाफ, मेणकापडातून बाहेर जायला जागा नाही म्हणून तिथेच साचली. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही, म्हणून मला रात्री कळलं पण नाही. मेणकापड अंगाला गुंडाळायचं नाही, वर अंतर ठेवून ताणायचं. हा नियम पक्का.

आणि मुख्य म्हणजे, बॅगची गादी झाली तर बॅगमधलं सामान कुठे? पातेलं, शिधा, मोजे, टॉर्च, सगळं मी बादलीत ठेवलं. जंगलात बादली कोण नेणार.

१२ डिसेंबर

ही नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

मी आत्तापर्यंत प्रत्येक वस्तूची कामं मोजत होते, घोंगड्याची तीन, मेणकापडाची तीन, आणि आनंदात होते. पण दोन कामं एकाच वेळी आली तर? कालनिर्णयच्या जुन्या पानामागे चोवीस तास आखले, आडवे तास आणि उभ्या वस्तू, आणि कुठल्या तासाला कुठली वस्तू कशात अडकलीय ते भरलं. लगेच दिसलं. संध्याकाळी सात ते सकाळी सात बॅग नाहीच. पाऊस रात्री आला तर मेणकापड पाल म्हणून बांधलेलं, मग मी बाहेर जाताना काय घ्यायचं? घोंगड्याची खोळ. ते भिजलं तर रात्री पांघरायला काय? काठ्या पालीला लावल्या तर रात्री ओढ्यावर पाणी आणायला काठी नाही.

घोंगड्याबद्दल जरा थांबून लिहिते. ज्या समाजाचं हे वस्त्र आहे त्या धनगर लोकांनी ते पावसात खोळ म्हणून, रात्री पांघरूण म्हणून, बाजारात बसायला म्हणून वापरलं, आणि आमचं हे इंदूर ज्या होळकरांनी वाढवलं ते त्याच समाजातले. ओलं घोंगडं पण ऊब देतं हे खरं आहे. पण कोरडं २.६ किलोचं, ते भिजवून तोललं तर वजनकाट्यावर साडेचार किलोच्या वर गेलं, आणि वाळायला ऊन असून पूर्ण दिवस लागला. रोज शेकोटीजवळ बसणाऱ्या, रोज ते अंगावर असणाऱ्या माणसाला ते जमतं, दोन दिवसांसाठी शहरातून जाणाऱ्या मला सहा डिग्रीत ते जमणार नाही. म्हणून ठरवलं, घोंगडं रात्रीच्या झोपेसाठी राखीव, पावसात ते बाहेर जाणार नाही.

त्यातून बदल: उरलेल्या दोसुतीची एक थैली, रात्री सामान तिच्यात आणि ती पालीच्या काठीला जमिनीपासून वर टांगायची, दिवसा ती बॅगच्या आत. रिकामी केली तर त्यात कपडे भरून उशी. आणि आईच्या जुन्या सुती साडीचा अर्धा भाग घोंगड्याला आतून टाचला, टोचत नाही आणि मध्ये हवेचा एक थर राहतो.

१५ डिसेंबर

बटणं काढली, त्या जागी काजं करून सुती नाडी ओवली, जोड्याची लेस बांधतात तशी. आता सोडायला चार मिनिटं लागतात पण टोचत नाही.

काठ्या: भरीव बांबू, लाठीचा, साडेचार फूट, ८० रुपयाला एक. टोकाला दोरी अडकायला खिळा ठोकला आणि पहिली काठी वीतभर चिरली, टर्रकन आवाज आला. बांबूला खिळा ठोकू नये हे कुठल्याही बुरुडाने मला सांगितलं असतं, मी विचारलंच नाही. आणखी एक घेतली. आता टोकाखाली दोन इंच सोडून मेणाच्या दोऱ्याने गच्च वेढे दिले, त्याने चिरत नाही आणि दोरी पण वेढ्यांवर अडकते.

कापडाच्या कोपऱ्यांना पितळी रिंगा लावल्या होत्या (९० रुपये), दादाने पाल ताणताच दोन उपटून आल्या, कापडाला भोकं ठेवून. त्याऐवजी मेंढरांमागे फिरणारे लोक करतात तसं केलं, कोपऱ्यात सुपारीएवढा गुळगुळीत गोटा गुंडाळायचा आणि बाहेरून दोरीचा फास. भोक नाही, शिवण नाही, आणि जितकं ओढाल तितकं गच्च. गोटे महेश्वरच्या घाटावरचे, घरात कुंडीत पडून होते. ही एक गोष्ट पहिल्याच फटक्यात जमली.

२२ डिसेंबर, चोरलकडे ओळखीच्यांच्या शेतात

वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही म्हणून शेत. मामा आणि दादा बरोबर, ते त्यांच्या तंबूत.

खाली सोयाबीनचं काड हातभर पसरलं, त्यावर गादी. फार फरक पडला, गच्चीच्या तुलनेत खालची थंडी जवळजवळ गेली. जिथे जाल तिथलं वाळलं गवत-काड वापरा, ते पाठीवर न्यावं लागत नाही.

रात्री साडेदहाला मावठा आला, वीस-पंचवीस मिनिटं, मोठा नाही पण थेंब जाड. मेणकापडाने पाणी अडवलं, थेंब वरून मण्यांसारखे घरंगळत होते आणि मी आतून टॉर्च लावून बघत होते, खूप समाधान वाटलं. आणि मग माझ्या कपाळावर एक थेंब. मग दुसरा. मधली शिलाई! दोन पन्हे जिथे जोडले तीच रेघ मी पालीचा कणा म्हणून वर घेतली होती, दोरी पण तिच्याच खालून, म्हणजे सगळ्यात जास्त ताण तिथे, आणि पाणी आधी तिथेच पडतं आणि थांबतं. दोरा फुगून भोकं भरायला पाहिजे होती पण ताणामुळे ती उघडीच राहिली असावीत. डोक्याकडचं घोंगडं हातभर ओलं. मी गादी सरकवली आणि बाकी रात्र तिरकी झोपले.

थैली टांगली होती पण वेफर आणि शेंगदाण्याची एक पुडी मी जोड्याजवळ विसरले, सकाळी उंदरांनी पुडी कुरतडून साफ केलेली. टांगलेल्या थैलीला काही झालं नाही.

चालताना: तीन किलोमीटरमध्ये नवारीने खांद्यावर लाल वळ.

२६ डिसेंबर

शिलाईचा उपाय मामांनी सुचवला आणि तो इतका सोपा होता की मी आधी त्यांचं ऐकूनच घेत नव्हते. ते म्हणाले, "कापड चौरस आहे ना, मग फिरव की." नव्वद अंशात फिरवलं. आता शिलाई कण्याच्या रेघेवर न राहता कण्यापासून जमिनीकडे उतरते, पाणी तिच्यावर थांबत नाही, तिच्या बाजूने वाहून जातं. कण्यावर सलग कापड. शिलाईवर बाहेरून मेणाची कांडी घासून हेअर ड्रायरने आत मुरवलं. गच्चीवर पाइपने दहा मिनिटं पाणी सोडलं, शिलाई जिथे कणा ओलांडते तेवढ्या एका जागी ओलसर, थेंब नाही.

पट्ट्यांसाठी नमद्याचा तुकडा, टोंकचा, हस्तकला मेळ्यातून घेतला, ३०० रुपये. घोड्याच्या खोगीराखाली घालतात तोच प्रकार, दाबून केलेली लोकर. घरच्या सुईने तो शिवला जाईना म्हणून छावणी भागातल्या एका मोचीकाकांकडे नेला. त्यांनी बॅग उलटीपालटी केली, पट्टा जिथे जोडला होता तिथे अंगठा दाबला आणि म्हणाले, "बेटी, ये यहीं से टूटेगा, वजन पट्टे पे नहीं, इस टाँके पे है." मग आतून चामड्याचा रुपयाएवढा तुकडा ठेवून दोन सुयांनी समोरासमोर टाके घातले, दोन्ही दोरे एकाच भोकातून. एक तुटला तरी दुसरा धरतो. ३५० रुपये घेतले आणि त्या चार टाक्यांकडे बघून मला माझी सगळी बॅग परत शिवावीशी वाटली.

५ जानेवारी

आगीची परीक्षा, मोकळ्या मैदानात, पाण्याची बादली शेजारी. घोंगड्याच्या कडेच्या सुटलेल्या धाग्यांवर निखारा ठेवला, केस जळल्याचा वास, काळं झालं, निखारा काढला की विझलं. मेणकापडाचा तुकडा मात्र पेटला तो वातीसारखा, मेण आणि तेल दोन्ही इंधनच, तुकडा संपेपर्यंत विझला नाही. त्यामुळे शेकोटीपासून पाल किमान दहा-बारा पावलं लांब आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, पालीखाली मेणबत्ती किंवा स्टोव्ह अजिबात नाही. शेकोटीला बसायचं तर घोंगडं पांघरून.

१२ जानेवारी, जानापावच्या पायथ्याशी

महूच्या पुढे, डोंगराखाली एका शेतकरी काकांच्या बांधावर, त्यांना विचारून. दिवसा वर कुटीपर्यंत जाऊन आलो, पूर्ण सामान पाठीवर. चंबळ इथून निघते म्हणतात, कुंडाजवळ बसून पोहे खाल्ले.

वजन: घोंगडं साडीसकट २.८, मेणकापड २.१, गादी-बॅग पट्ट्यांसकट २.०, काठ्या ०.९, थैली आणि दोऱ्या ०.५. एकूण ८.३ किलो, शिधा-पाणी वेगळं. हे जास्त आहे. बाजारातलं हलकं सामान याच्या निम्म्यात बसतं, ज्यांना रोज पंधरा-वीस किलोमीटर चालायचंय त्यांनी माझं हे करू नये. आम्ही सात किलोमीटर चाललो, खांद्याला काही झालं नाही, नमद्याने काम केलं. उतरताना गुडघ्याला जाणवलं.

रात्री ६ डिग्री. काड, गादी, घोंगड्याचा एक काठ खाली आणि बाकी वर, अंगात स्वेटर, कानटोपी, लोकरीचे मोजे. दहापासून साडेतीनपर्यंत गाढ झोप, मग पाय गार पडले. उठून थैलीतले सगळे कपडे काढले आणि रिकाम्या थैलीत दोन्ही पाय घातले, वरून स्वेटरची बाही गुंडाळली. पाचेक मिनिटांत ऊब आली आणि सहापर्यंत झोपले. चोवीस तासांच्या कागदावर थैलीच्या रांगेत पहाटेचे तास रिकामे होते, ते आता भरले. पुढची थैली मी चार बोटं रुंद आणि आतून नमदा लावून करणार आहे, मुद्दाम पायांसाठी.

दव इतकं पडलं होतं की बाहेरची गव्हाची पाती वाकलेली, मेणकापड बाहेरून ओलंचिंब, आतून हात फिरवला, कोरडं. पालीची दोन्ही तोंडं उघडी ठेवली होती, वाफ निघून गेली.

१९ जानेवारी

हिशोब. कापड ११५५, दोसुती ४५०, नवार २५०, दोरी १२०, मेण ७००, दोन्ही तेलं ५००, सावरीचा कापूस ६००, घोंगडं २४००, तीन काठ्या २४०, नमदा ३००, मोचीकाका ३५०, सुया ६०, रिंगा ९०. एकूण ७२१५ रुपये. त्यातले खायचं तेल, चिरलेली काठी, सुया, रिंगा असे ४१० वाया. साधा दोरा आणि इस्त्रीची वीज धरलेली नाही. वेळ अडीच महिने, त्यातले बारा दिवस नुसतं तेल सुकायची वाट बघण्यात.

आवरून ठेवताना: मेणकापड पूर्ण वाळवून गुंडाळी केली, घडी नाही, घडीवर मेण तडकतं. इंदूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या माळ्यावर ठेवलं तर मेण मऊ होऊन थर एकमेकांना चिकटतील म्हणून ते खाली दिवाणात. घोंगड्याला कसर लागते, दोन दिवस कडक ऊन दाखवून कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासकट जुन्या चादरीत बांधलं, दर महिन्याला उलगडून झटकायचं. गादीच्या धावदोऱ्यात माझ्या बाजूचे तीन टाके सुटलेत आणि तिथून कापूस बाहेर डोकावतोय. आई म्हणाली राहू दे, संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं की मी घालते.